चाचणी उड्डाणाला मी स्वतः

३ फेब्रुवारी, सकाळी
कंत्राट मिळालं! सरकारच्या वैमानिक प्रशिक्षण कार्यक्रमाचं व्यवस्थापन आणि टेक्निकल सपोर्ट आता आमच्याकडं. चितेगावच्या कारखान्यांतले कॉम्प्रेसर सांभाळणारा माणूस विमानं सांभाळणार. विमानात अजून बसलेलो नाही. त्यानं काही अडत नाही.

५ फेब्रुवारी
करार नीट वाचला. इंजिनच्या मोठ्या दुरुस्तीनंतर चाचणी उड्डाण. त्यात प्रोग्रॅम मॅनेजर हजर पाहिजे. म्हणजे मी. लगेच एक गोळी घेतली. भीतीची नव्हे, ॲसिडिटीची.

६ फेब्रुवारी
आमचे मेकॅनिक शौकतभाई. त्यांना म्हटलं, माझ्या जागी तुम्ही बसा. म्हणाले, "बसतो की साहेब. लेकिन कॅप्टन मॅडमला तुम्ही विचारा."
कॅप्टन गौहर मॅडम विमान उडवणार. त्यांना असलं विचारण्याइतका मी भित्रा नाही. नाहीच विचारलं.

९ फेब्रुवारी
सराव सुरू. रोज लिफ्टनं सातव्या मजल्यावर जायचं, काचेतून खाली बघायचं. आज लिफ्टला फार गर्दी. दोन माणसं. परत आलो.
आशाला उड्डाणाचं सांगितलं. वाटलं, बायको आहे, अडवेल. तिनं बहिणीला फोन लावला, "अगं, हे विमानात बसणार!"

१३ फेब्रुवारी
शौकतभाईंनी इंजिनची मोठी दुरुस्ती आजच संपवली. एवढी घाई बरी नाही, असं त्यांना बजावलं. उद्या उड्डाण.

१४ फेब्रुवारी, सकाळी
झोप नाही. पूर्वतयारी म्हणून जागा होतो. ताप बघितला. नाही. पुन्हा बघितला.

१४ फेब्रुवारी, दुपारी
विमान वर गेलं. मी डोळे मिटले, एकाग्रतेसाठी. तेवढ्यात माझ्या बाजूनं धाड धाड धाड! इंजिन फुटतंय! पोरांची तोंडं आठवली. "मॅडम, उतरवा!" त्यांनी शांतपणे विमान वळवलं आणि उतरवलं.
शौकतभाईंनी दार उघडलं. माझ्या सीटच्या पट्ट्याचं टोक दारात अडकून बाहेर लोंबत होतं. तेच पत्र्यावर आपटत होतं.
मॅडम म्हणाल्या, "इंजिन उत्तम आहे. तुम्ही उतरा. शौकतभाई, बसा." मॅनेजर या नात्यानं मी तत्काळ मंजुरी दिली.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
रिक्षा पुंडलिकनगरात शिरली आणि डोक्यावरून आमचं विमान गेलं. आमच्या गच्चीवर ही गर्दी! आशा, तिची बहीण, शेजारच्या लक्ष्मीबाई. आशा दोन्ही हात हलवत ओरडत होती, "ते बघा, आमचे हे! जरा म्हणून घाबरले नाहीत!"
खाली कुणाचंच लक्ष नव्हतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोन हाय वो विमानात?"
म्हटलं, प्रोग्रॅम मॅनेजर. लई धीराचा माणूस.
मग मीही वर बघून हात हलवला.