न पडणारा किल्ला

ता. १४, मंगळवार

चि. ठकूस आजीचे आशीर्वाद.

माझे गुडघे होते तसेच आहेत, विचारू नकोस. तू वेळेवर जेवत नसशील, तेही मी विचारत नाही.

परवा फोनवर म्हणालीस, तुमच्या कंपनीच्या लढाईच्या खेळात एक चूक सापडलीय. धान्याची गाडी किल्ल्याकडे निघाली की ती पोचेपर्यंत तिथे हल्ला होत नाही. काही लबाड लोक गाडी अर्ध्यातून माघारी बोलावतात, पुन्हा पाठवतात, आणि किल्ला पडतच नाही. जुने खेळणारे म्हणतात, वीस वर्षं चाललंय, राहू दे. काय करायचं ते साहेबांनी तुझ्या गळ्यात टाकलंय. "आजी, तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, मला चौथी पास बाईला काय कळतंय त्यातलं.

खोटं बोलले. त्या लबाडांतली एक मी आहे.

तुझा बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजला. तू अजून विमानतळावर अडकली होतीस. तो खेळायचा त्या तुमच्याच खेळाचा निरोप होता, तुमच्या किल्ल्याकडे सैन्य निघालंय. म्हटलं, मेल्यांनो, आत्ताच सुचलं? आजारपणात त्याच्या खाटेशी बसून तो कुठे काय दाबतो ते बघितलं होतं. गाडी पाठवली. चुकून माघारी बोलावली, घाबरून पुन्हा पाठवली. सैन्य आलं आणि दाराशी नुसतं उभं राहिलं.

अकरा महिने तेच करतेय. दवाखान्यात रांगेत बसले तरी फोन हातात. शेजारीण म्हणते, म्हातारीला वेड लागलंय. तिचं तोंड कोण धरणार.

ते सैन्य एका बाईचं आहे. कुठली कोण, बारा वर्षं त्याच्याशी खेळते, सरळ खेळते. गेल्या महिन्यात तिनं लिहिलं, "दादा, किल्ला राहू दे, पण हल्ली तुम्ही बोलत नाही. तब्येत बरी आहे ना?"

मी लिहिलं, "बरी आहे."

"मुलगी काय म्हणते?"

"चांगल्या नोकरीला आहे. माझं ऐकत नाही."

ती हसली. मलाही बरं वाटलं, आणि मग मी फोन पालथा घातला. मेलेल्या पोराच्या तोंडून मी गप्पा मारत होते, ठकू.

चूक दुरुस्त कर. खेळाचं भलं होईल की वाटोळं, मला देणंघेणं नाही. रोज ठरवते, आज गाडी पाठवायची नाही. वेळ झाली की बोट जातं. माझ्याच्यानं होणार नाही, तुलाच करावं लागेल. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आपल्या माणसाचं आपणच करायचं असतं.

तो गेला त्या वेळी सगळे म्हणाले, पोरीसाठी किती थांबायचं, दहन उरकून घ्या. मी मान हलवली. तू आलीस तेव्हा खाट रिकामी होती. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस, आणि मीही विषय काढला नाही.

या वेळी थांबते. सुट्टी काढून ये, माझ्या शेजारी बस आणि मग कर. तोवर मी काही तो किल्ला पडू देत नाही.

तुझी आजी,
त्याची आई