अकरा अंगठे

१७ एप्रिल, गुरुवार

गेल्या वर्षी ९ जूनला मी लिहिलं होतं – ‘तांड्यावरच्या अकराही बायांनी संमती दिली.’ चूक! दिली नव्हती. ती ओळ खोडत नाही. खोडली तर चूक झालीच नव्हती असं दिसेल. दुरुस्ती इथे लिहिते.

विद्यापीठाने आमच्या महिला मंडळाशी करार केला, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा म्हणून. संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि बायांशी बोलून त्यांचे अनुभव लिहून द्यायचं काम माझं. दर वाक्याला बाया ‘व्हय’ म्हणत होत्या. मी अकरा खुणा केल्या, अकरा अंगठे घेतले आणि खाली साक्षीदार म्हणून सही ठोकली.

आज त्या अनुभवांच्या पुस्तिकेची पहिली छापील प्रत घेऊन अकराजणींतल्या रुक्माबाईंकडे गेले. घरात त्या आणि त्यांची लेक शिला, दोघीच.

“काय कशाताई, आज कशाला?” – कहकशा हे माझं नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही. दर वेळी हाच विनोद, दर वेळी त्याच हसतात.

मी वाचत गेले. “व्हय… व्हय.” मग शिलाचं पान आलं. नाव बदललंय. पण ‘तांड्यातली बारावी झालेली एकमेव मुलगी, वय तेवीस, नवऱ्याने सोडलेली, फडावरून परतल्यावर गर्भपिशवी काढली’ – ही दुसरी कोण असणार?

‘व्हय’ थांबलं.

“हे कोण म्हणलं छापा?”

“मावशी, तुम्हीच व्हय म्हणालात.”

“अगं, व्हय म्हंजी आयकून राहिले! तू वाचून राहिली व्हतीस, आमी काय मुकं बसावं?”

“आणि अंगठा?”

“चहा पेलो त्याची हजेरी असंल म्हणलं.”

शिला उठून आत गेली. तिचं दुसरं लग्न ठरलंय, वसरामशी. दोन लेकरांचा बाप, बायको वारलेली. शिलाची पिशवी काढलीय हे त्याला माहीत आहे. त्याच्या आईला नाही. आणि त्यांच्या तांड्यावरही पन्नास प्रती वाटायच्या आहेत.

१८ एप्रिल

मला हे कळायला हवं होतं. मलाच!

मी शाळेत गेले ती थेट चौथीत. तोवर अब्बाच शिकवायचे, गाद्या भरता भरता. जुन्या वर्तमानपत्रातलं वाचायचे आणि मी ‘हूं’ म्हटलं नाही की थांबायचे. “जागी आहेस ना?” एकदा मी म्हटलं, हे खोटं लिहिलंय. ते म्हणाले, “मग काय झालं? हूं म्हणजे ऐकलं. कबूल थोडंच केलं?”

सात वर्षांची असताना मला हा फरक कळत होता. पदवी घेतल्यावर विसरले.

२१ एप्रिल, सोमवार

पद्माबाईंना सांगितलं. मंडळ त्यांनी वीस वर्षं चालवलंय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कुणाकुणाला बोललीस?”

“कुणालाच नाही.”

“मग बोलूही नको. दर बुधवारी डॉक्टरीणबाई येतात त्या कशामुळं? या करारामुळं. सात तांडे आहेत बाई. पोरगी एक.”

बुधवारची रांग मी पाहिली आहे. त्या रांगेत रुक्माबाईही असतात.

२३ एप्रिल

प्रकल्पाच्या सरांना फोन केला. आवाज गोड. “अहो, नाव बदललंय ना? शिवाय अंगठे आहेत, तुमची सही आहे. तुम्हीच वाचून दाखवलंत. आता तुम्हीच म्हणता संमती नव्हती – मग तेव्हा सही कशावर केलीत?”

तेव्हाची सही खरी धरली तर आता मी खोटी ठरते. किंवा उलट. पुस्तिका थांबवायची असेल तर विद्यापीठाच्या संमती तपासणाऱ्या समितीला लेखी द्यावं लागतं, असं त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, “पण मंडळाचा करार तिथेच संपतो, एवढं लक्षात घ्या.”

२४ एप्रिल

जेवायला बसले नाही. अम्मीला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. हेही खोटंच.

२६ एप्रिल, शनिवार

तांड्यावर गेले. रुक्माबाई ‘कशाताई’ म्हणाल्या नाहीत. मी नसल्यासारख्या दाणे पाखडत राहिल्या.

शिलाला म्हटलं, काय करू सांग.

“तुमी काय करताल ताई? छापून झालं.”

“तू रागाव तरी.”

“रागवून काय फायदा?” तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्या दिवशी आपण दोघीच व्हतो. म्हणून सांगितलं मी. तुमाला सांगितलं. विद्यापीठाला न्हाई.”

निघताना तिने पाणी विचारलं. मी तांब्या तसाच परत दिला.

२८ एप्रिल

गठ्ठे कार्यालयात आले. पाचशे प्रती. पद्माबाई म्हणाल्या, “बघ तरी, कागद किती छान आहे.” वाटलं, एकेका प्रतीतलं शिलाचं पान, पान बावीस, फाडावं. हात लावला आणि काढून घेतला. मी भित्री आहे. हेही बरोबर लिहिलेलं असावं.

३० एप्रिल, बुधवार

प्रकाशन शनिवारी. वसरामच्या तांड्यावर. पत्रिका छापून आली – ‘निवडक अनुभवांचं वाचन : कहकशा’. पान बावीस मी वाचायचं आहे. समोर त्याची आई बसलेली असणार.

उद्या सुट्टी, समितीचं कार्यालय बंद. शुक्रवार, २ मे. सकाळी सहाची एसटी. अर्ज तयार आहे, एकच वाक्य – साक्षीदार म्हणून केलेली माझी सही मी मागे घेते.