तापल्यावर मंदावणारी भट्टी

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी तुमच्याविषयी चांगलं बोलणं मला अजून जमत नाही. भोरच्या शाळेत तुम्ही अणुभट्टीचा धडा शिकवत होतात, म्हणजे पुस्तक वाचून दाखवत होतात. मी पासलीहून आलेली, मावशीकडे राहून शिकणारी. उठून विचारलं, "भट्टी लई तापली आन हितं कुनीच नसलं, तर ती आवरनार कशी?" तुम्हाला उत्तर येत नव्हतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण तुम्ही माझं 'हितं' नाक मुरडत दोनदा म्हणून दाखवलंत, वर्ग हसला, आणि तुम्ही म्हणालात, "आधी बोलायला शीक, मग भट्ट्या आवर." तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात उभी. इतका स्वस्त विजय मिळवताना मी पुढे कुणालाच पाहिलं नाही.

उत्तर सांगते, तुम्ही ते शोधायची तसदी घेतली नव्हती. इंधन तापलं की त्यातलं बरंचसं युरेनियम स्वतः न फुटताच, अणू फोडणारे न्यूट्रॉन जास्त गिळतं. पुढचे अणू फोडायला कमी उरतात आणि भट्टी आपणहून मंदावते. कुणाला बटण दाबावं लागत नाही. नव्या धर्तीच्या भट्ट्या यावर भिस्त ठेवूनच आखतात, आणि त्याची गणितं करणं हे माझं काम आहे.

गेल्या महिन्यात शाळेने व्याख्यानाला बोलावलं. प्रयोगशाळेत तुमचा हार घातलेला फोटो, खाली 'विद्यार्थीप्रिय'. मला हसू आलं. मुद्दाम त्याच्याखाली उभी राहून मी हे सगळं समजावलं. मुलं रंगून गेली. शेवटी वेल्ह्याकडची, माझ्याच भागातली एक मुलगी उठली. "मॅडम, म्हंजी ती मंदावली की मग भ्यायचं काईच कारन न्हाई?"

कारण असतं. अणू फुटण्याची साखळी थांबली तरी इंधनातून उष्णता कितीतरी दिवस निघत राहते, ती बाहेर काढावीच लागते. तिथे या मंदावण्याचा उपयोग नाही. मला हे झोपेतसुद्धा सांगता येईल. पण मुख्याध्यापक आभार मानायला उठले होते, टाळ्या सुरू होत होत्या, आणि मला फार छान वाटत होतं. मी म्हणाले, "नाही, काहीच नाही." तिने ते वहीत लिहून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून धडाधड लिहिता आलं. त्या मुलीला शाळेच्या पत्त्यावर चार ओळी लिहायच्या आहेत. तीनदा बसले. 'मी चुकीचं सांगितलं' याच्यापुढे काही सुचत नाही, आणि तेवढंच पाठवायचा धीर होत नाही.