फाटकावरची भेट

४ नोव्हेंबर, सोमवार

गुणांचा तक्ता माझ्याच गळ्यात पडला! डॉक्टर शाकिर म्हणाले, "जानिल, तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू खोटं लिहीत नाहीस." सरकारी दवाखान्यातल्या आम्हा पाचही नर्सच्या घरभेटी मोजायच्या. जितक्या भेटी तितके गुण, आणि पगाराचा वरचा भाग गुणांवर. महिनाअखेर जी सगळ्यांत खाली, तिच्याकडची वस्ती काढून घेणार.

आई खूश. घरात शिकलेली मी पहिली. मला मात्र जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर

सगळ्यांत खाली आम्हा नर्सांची थोरली ताई, आयिमकान एजे! दिवसाला पाच भेटी. बाकीच्यांच्या पंधरा-सोळा. मला सुई टोचायला हिनंच शिकवलं, थोरल्या बहिणीसारखं हात धरून. आणि तिच्या नावापुढे मी पाच लिहायचे.

"एजे, एवढा वेळ जातो कुठं?"

"घरात जाते, दुसरं काय! समोर नान ठेवला की तुकडा मोडल्याशिवाय उठता येतं? तुझ्या घरून कोणी असं उठलं तर तुझी आई दारात आडवी पडेल!"

मग हळूच म्हणाली, "मी नुसती खात नाही गं. म्हातारं माणूस नान कसा मोडतं ते बघते. तोंड काय, 'बरं आहे' असंच म्हणतं. हात खरं सांगतो."

१४ नोव्हेंबर

धीर करून डॉक्टरांना विचारलं — लांबच्या वस्तीला, जास्त वेळ बसण्याला काही गुण?

"नान खाण्याचा रकाना तक्त्यात नाही, जानिल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. का हसले मी?

२९ नोव्हेंबर

आकडे खरे लिहिले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एजेला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तिची वरची वस्ती मला.

यादी देताना एवढंच म्हणाली, "बुरुल आपा म्हातारी, एकटी असते. कुत्रं भुंकतं, चावत नाही. आत जा."

रागावली असती तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर

गुडघाभर बर्फ. सतरा भेटी! बुरुल आपाला फाटकावरूनच हाक मारली.

"बरी आहे गं लेकी! ये, नान तरी तोंडाला लाव!"

"पुढच्या वेळी, आपा!"

विचारलं, उत्तर मिळालं — भेट झाली. नियमात बसतं. घरी येऊन नियम तीनदा वाचला.

१० डिसेंबर

परत फाटकावरूनच. परत "बरी आहे."

२० डिसेंबर

तक्त्यात मी पहिली. आईनं पिठाचे बोर्सोक तळून शेजारीपाजारी वाटले. एजेनं खिडकीतून माझा हात दाबला. माझ्या वाट्याचा बोर्सोक मी तसाच झाकून ठेवला.

२४ डिसेंबर

आज आत गेले.

बुरुल आपानं जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरला — डाव्या हातानं. उजवा मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"कधीपासून, आपा?"

"तू पहिल्यांदा हाक मारलीस ना, त्याच सकाळपासून. तुला घाई होती, लेकी."

मग नान माझ्याकडे सरकवला.

"तूच मोड. मला मोडवत नाही."