पिंजरा परत करण्यास झाडे मोठी होईपर्यंत मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
भटके प्राणी नियंत्रण विभाग,
नगरपालिका कार्यालय.

विषय : विभागाचा लोखंडी पिंजरा परत करण्यास मुदत मिळणेबाबत, तसेच चौकातील मांजरांची पांगापांग न करणेबाबत.
संदर्भ : 'पिंजरा तात्काळ जमा करावा' हे आपले पत्र.

महोदय,

सविनय निवेदन करते की, मी अर्जदार चौकात शिवणकामाचे दुकान चालवते. लगतचे झेरॉक्सचे दुकान माझ्या थोरल्या जाऊबाईंचे आहे. सासऱ्यांनी वाटणी करताना मध्ये भिंत घातली, मात्र वरचा पत्रा कापायचा राहून गेला. तो कोणाच्या बाजूने गळतो यावरून आमचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. ही बाब आपल्या अखत्यारीत येत नाही याची जाणीव आहे, परंतु ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

१. चौकात चार मांजरे आहेत : शाळेच्या कुंपणावरचा बोका हेडमास्तर, दवाखान्याच्या पायरीवरची पांढरी नर्स, बँकेच्या दारातला लठ्ठ कॅशियर आणि टपालपेटीखालची पोस्टमास्तरीण. प्रत्येकाचे झाड वेगळे होते. दुसऱ्याच्या सावलीत शेपटी जरी गेली तरी रक्त निघत असे.

२. गेल्या वादळात चौकातील सर्व झाडे पडली व पाठोपाठ कडक उन्हाळा आला. सावली उरली ती फक्त आमच्या पत्र्याखाली. चौघेही तिथे आले. पहिले काही दिवस जे युद्ध झाले त्यात एका नवरदेवाच्या कोटाची बाही कामी आली. पुढे उकाडा एवढा वाढला की भांडायचे त्राण कोणातच उरले नाही. एके दुपारी कॅशियर धापा टाकत आला आणि हेडमास्तर, महोदय, चक्क सरकला. नंतर नर्स कॅशियरचा कान चाटताना दिसली. पोस्टमास्तरीण तेवढी मानी. ती कडेला उन्हात बसून वाळत चालली होती. शेवटी नर्स उठून तिच्याजवळ जाऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरीण मधोमध झोपलेली होती. ऊन वाढले की माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. या मंडळींनी सोयरीक केली.

३. सावली सकाळी माझ्याकडे असते व दुपारी जाऊबाईंकडे सरकते. तिच्यामागे ही वरात रोज भिंतीला वळसा घालून जाऊ लागली. एक दिवस पलीकडून आवाज आला, "अगं ए, तुझे पाहुणे आलेत माझ्याकडे. पाण्याचं भांडं तरी पाठवशील की नाही?" मी भांडे घेऊन स्वतःच गेले. परत यायला संध्याकाळ झाली.

४. अशा परिस्थितीत बँकेच्या साहेबांच्या तक्रारीवरून आपले पिंजरेवाले काका आले. चार मांजरे चार वेगवेगळ्या भागांत सोडण्याचा आदेश त्यांच्या खिशात होता. त्यांनी नर्सला पकडले. दार लागताच हेडमास्तर दारासमोर बसला, कॅशियर पिंजऱ्यावर चढला आणि पोस्टमास्तरीण काकांच्या पायावर बसली. काका वैतागून म्हणाले, "एवढं प्रेम उतू जातंय तर या सगळेच!" आणि त्यांनी दार उघडले. तिघेही शिस्तीत आत गेले व झोपले. काका म्हणाले, "आता ही पकडली म्हणायची की राहायला आली?" जाऊबाई म्हणाल्या, "न्यायची तर न्या. पण चौघांना एकाच ठिकाणी सोडा, नाहीतर आधी मला उचला." मी म्हटले, "आणि मला यांच्याबरोबर." काका पाणी प्यायले, टोपी झटकली आणि रिकाम्या हाताने गेले. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांच्याकडून खुलासा मागवू नये.

५. त्या दिवसापासून पिंजऱ्याचे दार सताड उघडे आहे, तरी आतले बाहेर निघत नाहीत. मी आणि जाऊबाईंनी पिंजरा तिरका करून पाहिला. कॅशियर फक्त कूस बदलतो.

सबब विनंती की, पडलेल्या झाडांच्या जागी विभागाने नवी झाडे लावून घ्यावीत व ती सावली देऊ लागेपर्यंत पिंजरा परत करण्यास मुदत द्यावी. मांजरे हलवायचीच झाल्यास चौघांना एकत्र हलवावे. वर्षभरापूर्वी त्यांना चार दिशांना सोडले असते तर त्यांनी आपले आभार मानले असते. आता एकाला जरी उचलले, तरी बाकीच्यांनी दुपारी कोणाला टेकून झोपायचे, हे आदेशात लिहिलेले नाही.

आपण समक्ष पाहणीस यावे. दुपारी आल्यास जाऊबाईंच्या बाजूला बसावे, तिथे गार असते. पत्रा अजून गळतो, पण तो आता दोघींचा गळतो.

उत्तराची वाट पाहणाऱ्या, आपल्या नम्र,
शिवणकामवाली (धाकटी)
झेरॉक्सवाली (थोरली)

दिनांक : ९ मे

सोबत :
१) बाही गेलेल्या नवरदेवाचे, तक्रार नसल्याचे पत्र.
२) चारही संबंधितांच्या संमतीदाखल पंजांची झेरॉक्स. (कॅशियर काचेवर अख्खाच बसला. तेवढे ग्राह्य धरावे.)