चाई नव्हती

आई, आज दुपारी एका बाईने माझ्यासमोर डोक्यावरची ओढणी काढली आणि म्हणाली, "मॅडम, इथे सारखी आग होते," आणि मला तू आठवलीस. ती गोवंडीहून घाटकोपरला माझ्या दवाखान्यात आलेली. चाळिशीची, बोलायला फटकळ. गल्लीतल्या डॉक्टरने केसांत चाई पडलीय असं सांगून मलम दिलं होतं, आणि आठ महिने ती ते इमानाने चोळत होती. मी त्वचा तपासायची दुर्बीण हातात घेतली खरी, पण टाळूवर टेकवायला मला जरा वेळच लागला.

खूप वर्षांपूर्वी एका सकाळी मुलुंडच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापत होतीस. मी डब्यासाठी खोळंबलेली, डोळे घड्याळावर. त्वचारोगाच्या वॉर्डात लागून मला जेमतेम चार महिने झाले होते आणि अंगात माज मात्र मोठ्या डॉक्टरचा. तू पिठाच्याच हाताने अंबाड्याचा आकडा काढलास आणि मान खाली घातलीस. "गो, हयसर बघ जरा. आग होता." केस गेलेली आवळ्याएवढी जागा होती. मी उभ्याउभ्याच पाहिलं, बोटसुद्धा लावलं नाही. म्हटलं, "चाई आहे. सहा महिन्यांत येतील केस." चाईत सहसा अशी आग होत नाही हे मी वाचलेलं होतं, पण तू सांगितलेलं मी ऐकलंच कुठे? संध्याकाळी लोशनची बाटली आणून दिली आणि तू लेकीच्या कौतुकात बिल्डिंगभर सांगून आलीस, "माझ्या चेडवान सांगल्यान, येतले केस."

तुझी एक सवय होती. विंचरताना निघालेलं गुंतवळ तू पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचीस आणि अंबाड्यात भरायचीस. त्यामुळे केस विरळ झालेले कुणाला दिसलेच नाहीत, मलाही नाही. मग गणपतीत एकदा न्हाऊन तू खिडकीशी केस वाळवत बसलीस आणि बसल्याबसल्या तुला डुलकी लागली. मी पर्समधलं भिंग काढलं. जागा तळहाताएवढी झाली होती. गुळगुळीत, चकचकीत, केसाचं एकही छिद्र शिल्लक नाही. चाईत केस गळतात पण मूळ जिवंत राहतं, म्हणून ते परत येतात. इथे मुळं मरून वण झाला होता. कडेला लाली होती, तिथले केस अजून तग धरून होते, आणि ते वाचवता आले असते. दुसऱ्याच दिवशी तुला वॉर्डातल्या आमच्या सरांकडे न्यायचं, एवढंच करायचं होतं. पण त्यासाठी आधी माझं चुकलं असं म्हणावं लागणार होतं. तू जागी झालीस आणि विचारलंस, "येतले ना गो?" मी भिंग पर्समध्ये टाकलं आणि म्हटलं, "येतील." मला अजून त्या शब्दाचा राग येतो.

आज त्या बाईच्या टाळूवर अगदी तेच दिसलं. मी तिला सांगितलं, कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. मधला घेऊन उपयोग नाही, तिथे आता काही उरलेलं नाही. तिने सरळ विचारलं, "पण परत येतील ना?" आई, तोच शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी म्हटलं, "गेलेत ते येणार नाहीत. राहिलेत ते वाचवायचा प्रयत्न करू. गोळ्या, इंजेक्शनं, लगेच सुरू करायला हवं."

"म्हणजे आठ महिने मला येडं बनवलं?"

मी म्हटलं, "हो."

ती चिडून उठेल असं वाटलं. ती उठली नाही. डोळे पुसून तिने मान खाली घातली, तुझ्यासारखीच, आणि म्हणाली, "मग बसलात काय? घ्या तुकडा." मी घेतला. एक टाका घातला.

हे मी औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे लिहितेय. पाठवणार कुठे? खणात भिंगाच्या डबीखाली ठेवून देईन. एक मात्र लिहायचं टाळत होते. त्या गणपतीनंतर सात वर्षं तू ते लोशन लावत राहिलीस. तू गेलीस तेव्हाही कपाटात अर्धी बाटली होती. दर महिन्याला ती मीच आणून देत होते.