लॉन्ड्रीतली घडी जोडीनेच घालावी याबाबत

मी अजून मेलेली नाही, तरी भिंतीला खुंटी ठोकली गेली. माझ्या लॉन्ड्रीत, माझ्या भिंतीला, मला न विचारता! का, तर धाकट्या दिरांना इस्त्रीवालीचं तोंड बघायचं नाही. म्हणून चादरीचं एक टोक खुंटीला अडकवायचं, दुसरं आपण धरायचं आणि एकट्याने घडी घालायची. खुंटीने चादरी फाटल्या, मधला भाग फरशीवर लोळला आणि हॉस्पिटलने अख्खा गठ्ठा परत पाठवला. माझ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं. आणि इस्त्रीवाली काय करते? हसते. म्हणते, "ताई, खुंटी कोणत्या पक्षाची आहे ते विचारा जरा." दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटली. पण डॉक्टरांनी जोर करायला मनाई केली आहे, म्हणून लिहायला बसले.

तर मी, खाली सही करणारी, या लॉन्ड्रीची मालकीण, शिक्षण चौथी, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहिते. रागात होती म्हणजे डोकं ठिकाणावर नव्हतं, असं माझ्या पश्चात कोणी कोर्टात म्हणू नये. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारे होते, ते आधीच गेले. वकिलांनी करून दिलेला मसुदा मी परत केला. त्यात 'सदरहू' इतक्यांदा होतं की मी स्वतः कुठे आहे तेच सापडेना. कायद्याला लागतात ते शब्द त्यांचे, बाकी माझे.

पोटात गाठ आहे. शुक्रवारी ऑपरेशन. यातून उठले तर हा कागद मीच फाडीन. नाही उठले तर खालीलप्रमाणे वागावे.

कलम एक. लॉन्ड्रीच्या मागच्या दोन खोल्या, आतल्या सामानासकट, माझ्या मुलीच्या. ती परगावी असते. निवडणूक आली की फोनवर मला शिकवते. एकदा म्हणाली, "आई, तू असल्या लोकांना मत देतेस हे मैत्रिणींना सांगायची मला लाज वाटते." मी म्हटलं, "मग नको सांगूस. मी तुझ्या नवऱ्याबद्दल कोणाला काही सांगते का?" आठवडाभर फोन आला नाही. मग तिनेच केला, पोराला ताप आला होता, काढा कसा करायचा विचारायला. खोल्या तिच्याच. मतावरून पोरीला बेदखल करणारी बाई मी नाही. बँकेत आहे त्यातून आधी ड्रायर दुरुस्त करावा, उरेल ते तिचं.

कलम दोन. आमच्या पक्षाचे वॉर्डप्रमुख. होय, आमच्याच, माझ्या आणि दिरांच्या. यांनी सभेसाठी माझी पांढरी टेबलक्लॉथ नेली आणि डाग पाडून परत केली. वर म्हणाले, "तुमची लॉन्ड्रीच आहे, धुवा की!" त्यांना मी काहीही ठेवत नाही. माझ्या मयतीला त्यांनी भाषण करू नये. केलंच तर दिरांनी माइकची वायर काढावी.

कलम तीन, खरं तर हेच पहिलं असायला हवं होतं. लॉन्ड्री. म्हणजे पुढचा गाळा, दोन्ही मशीन, ड्रायर, इस्त्रीचं टेबल, हॉस्पिटलचं काम आणि नाव.

ही लॉन्ड्री मी धाकटे दीर आणि इस्त्रीवाली या दोघांना निम्मी-निम्मी देते. वाटणी करता येणार नाही. मध्ये पडदा लावता येणार नाही. कोणी एकाने आपला हिस्सा दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला विकायचा नाही.

दीर म्हणतील, "वहिनी, तिला कशाला? ती बाहेरची." बाहेरची कशी? आठ वर्षं तिने माझ्या समोरचं टोक धरलं आहे. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या ओढणीला त्या लोकांचा, म्हणजे समोरच्या पक्षाचा, बिल्ला होता. मला ती मुळीच पटली नाही. पण कॉलर आतल्या बाजूने आधी इस्त्री करणारी बाई मला दुसरी मिळाली नव्हती, म्हणून ठेवून घेतली. संध्याकाळी हॉस्पिटलच्या चादरी निघाल्या आणि आमची जोडी लागली.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. चादर दोघांनी ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकाला टोक लावायचं. हातात चादर असताना टोक सोडायचं नाही. सोडलं तर ती फरशीवर पडते, पुन्हा धुवावी लागते, आणि सोडणाऱ्यानेच धुवायची, हा आमच्या लॉन्ड्रीचा नियम. त्यामुळे समोरचं माणूस कितीही डोकं फिरेल असं बोललं, तरी घडी पुरी होईपर्यंत तुम्ही जाणार कुठे? ऐकावंच लागतं. तिने माझं ऐकलं, मी तिचं ऐकलं. भांडलो तर किती! ती ताण द्यायची, मी जास्त ताण द्यायची. एकदा चादर मधोमध टरकन फाटली. दोघी हसत सुटलो आणि भरपाई अर्धी-अर्धी दिली.

आठ वर्षांत मी तिला आमच्या बाजूला आणू शकले नाही. तिने मला तिच्या बाजूला आणलं नाही. गल्लीचा रस्ता रुंद व्हावा असं मी आजही म्हणते, लॉन्ड्रीचा पुढचा कट्टा गेला तरी. ती आजही नको म्हणते. मोर्चाला जाते. पण जाण्याआधी त्या दिवसाचा गठ्ठा पुरा करून जाते, आणि गेल्या वेळी आमच्या वॉर्डप्रमुखांचा सदराही तिनेच इस्त्री केला. म्हणाली, "आमच्या विरोधात बोलायला उभा राहणार, तर चुरगळलेला कशाला दिसू दे?"

आता दिरांचं आणि तिचं. निकालाच्या दिवशी दीर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुझ्यासारख्यांमुळेच ही गल्ली मागे राहिली." ती म्हणाली, "आणि दादा, तुमच्यासारखे माना हलवणारे असले की घरं पाडणाऱ्यांना बुलडोझरसुद्धा लागत नाही." त्यानंतर खुंटी.

दोघांनी आता नीट वाचावं. पुढचं मी कोणाची परवानगी न घेता लिहिते. रागवायचं तर खुशाल रागवा. मी तुम्हा दोघांबरोबरही चादरी धरल्या आहेत, म्हणून मला दोन्हीकडचं माहीत आहे. तुम्ही एकमेकांबरोबर कधी धरल्याच नाहीत.

इस्त्रीवाली, तू वाच. माझी जाऊ, म्हणजे दिरांची बायको, तू येण्याआधी गेली. तिला श्वास लागला होता. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी अडकली, आत येईना. दिरांनी आणि शेजाऱ्याने तिला खुर्चीवर बसवून उचलून नेलं. चष्म्याच्या दुकानापर्यंत ती बोलत होती. रस्ता रुंद करा असं हा माणूस ओरडतो, तेव्हा तुला पक्ष ऐकू येतो. मला ती खुर्ची दिसते.

भावोजी, आता तुम्ही. तिच्या वडिलांचं घर असंच एका रस्त्यात गेलं. बदली जागा देतो म्हणाले. जागा आली नाही. ते एका नातेवाइकाच्या जिन्याखाली झोपायचे आणि स्वच्छ सदरा घालून कचेरीत विचारायला जायचे. तो सदरा ती इस्त्री करायची, लहान होती तेव्हापासून. तिथेच हात बसला तिचा. आता तिची खोलीही आपल्या रस्त्याच्या नकाशात आहे. तुमच्या गल्लीला मागे ओढायला ती मोर्चाला जात नाही.

कोणाचं बरोबर ते मी ठरवत नाही. माझं मत मी वर सांगितलं आहे आणि ते बदललेलं नाही. तुमचंही बदलू नका. एकमेकांची माफी मागा, गोड बोला, असलं काही मी लिहीत नाही. असल्या गोष्टी लिहून होत नसतात. अट एकच. खुंटी काढायची, भिंतीला लिंपण करायचं, आणि हॉस्पिटलचा रोजचा गठ्ठा दोघांनी समोरासमोर उभं राहून घडी करायचा. भांडत केला तरी चालेल. न बोलता केला तर ती अट मोडली असं धरावं.

अट मोडली, किंवा दोघांपैकी एकानेही नको म्हटलं, तर लॉन्ड्री मुलीकडे जाईल आणि ती दुसऱ्या दिवशी विकेल. मोबाइलच्या दुकानासाठी एकजण हा गाळा केव्हाचा मागतो आहे. मग दीर घरी बसून टीव्हीशी भांडतील आणि इस्त्रीवाली दुसऱ्याच्या टेबलावर कॉलर इस्त्री करेल. दोघांनाही आपल्याच बाजूची माणसं भेटतील. खूप मजा येईल.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना यातलं काहीही मिळत नाही. चष्मेवाल्यांनी तसं दोनदा विचारून खात्री केली.

ठिकाण: लॉन्ड्रीची मागची खोली.
दिनांक: मंगळवार, ऑपरेशनच्या आधीचा.

सही: लॉन्ड्रीची मालकीण
साक्षीदार पहिले, सही: समोरचे चष्मेवाले
साक्षीदार दुसऱ्या, सही: हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोठीवरच्या सिस्टर

सहीनंतर लिहिलेले, साक्षीदारांना दाखवून: याची एकेक प्रत दिरांना आणि इस्त्रीवालीला आजच दिली आहे. मी मेल्यावर उघडायला नव्हे, आता वाचायला. मला भूल देतील तेव्हा माझ्या लॉन्ड्रीचं काय होणार ते मला माहीत असलं पाहिजे. गुरुवारी दुपारी, हॉस्पिटलचा गठ्ठा येण्याआधी, दोघांनी बरोबर माझ्या खोलीत यावं. कोणाच्या हाती निरोप नको, फोन नको, 'बघू' नको. हो की नाही, तोंडावर सांगा. गुरुवारी दुपारी.